तिसरा ढीग

माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि साड्या काढल्या. पलंगावर, खुर्चीवर, खाली सतरंजीवर, जिकडं बघावं तिकडं साड्याच साड्या. थोड्या नव्या आणलेल्या. बाकीच्या कपाटातल्या, वर्षानुवर्षं आहेरात आलेल्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. बाहेरून नवऱ्यानं विचारलं, "चहा आणू का आत?" मी म्हणाले, "आणा, पण उंबऱ्यातच ठेवा. एखाद्या ढिगाला पाय लागला तर माझी सगळी मेहनत पाण्यात जाईल."

आमच्याकडच्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. देण्याघेण्याची साडी म्हणजे नेसायची साडी नव्हे. ती तुम्हाला कुणीतरी आहेरात देतं, तुम्ही हसून घेता, घरी आणून कपाटात टाकता, आणि पुढच्या लग्नात, बारशात, वास्तुशांतीला दुसऱ्या कुणाला तरी देता. ती पुढं तिसरीला देते. एखादी साडी अशी नांदेडहून उमरीला, उमरीहून हिमायतनगरला, तिथून लातूरला फिरत राहते. तिला काठ आहे, पदर आहे, पण आजवर एकाही बाईच्या अंगाला लागलेली नाही. ह्या सगळ्या कारभारात पाप एकच: जिची साडी तिलाच परत देणं. त्याला माफी नाही. बाई तेवढ्यापुरती हसून घेते आणि मरेपर्यंत विसरत नाही.

मी नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती हे इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की झोपेतसुद्धा लिहीन. पोरांना नेहमी सांगते, जगाचा पसारा कितीही मोठा असू द्या, नेमकी खूण ओळखता आली की गट लागतो, आणि गटाच्या पोटात पोटगट लागतो. हीच अक्कल मी घरी आणली आणि माझ्या सासरच्या बायका तिच्यावर फिदा झाल्या. कुणाकडं लग्न निघालं की मला बोलावणं ठरलेलं. "तूच ये गं बाई ढीग लावायला, तुझ्यासारखं कुणाला जमत न्हाई." मला फार अभिमान होता त्याचा. आज सांगताना लाज वाटते, पण होता.

माझे ढीग तीन. पहिला 'म', म्हणजे मानाचा. विहीण, विहिणीच्या जावा, नणंदा. त्यांच्यासाठी मी स्वतः लातूरला जाऊन गंजगोलाईतली दुकानं पालथी घालते. दुसरा 'बो', बोलणाऱ्यांचा. त्यात दोन पोटगट: तोंडावर बोलणाऱ्या आणि माघारी बोलणाऱ्या. तोंडावर बोलणारीला बरी साडी द्यायची, माघारी बोलणारीला त्याहून बरी, कारण ती गावभर करते. आणि तिसरा 'ग', गप्प बसणाऱ्यांचा. त्यातल्या 'अ' म्हणजे लांबच्या, ज्यांची गाठ आता पुन्हा दहा वर्षांनी पडायची. आणि 'ब' म्हणजे ज्या काहीही दिलं तरी कपाळाला लावून घेतात. फिरत्या साड्या सगळ्या ह्या तिसऱ्या ढिगात. साडीच्या आतल्या टोकाला, नेसताना खोचायच्या बाजूला, मी बॉलपेननं बारीक अक्षरात खूण करायचे: ग-अ, ग-ब. शिवाय साडी कुणाकडून आली त्याची चिठ्ठी टाचणीनं लावून ठेवायचे.

नवऱ्यानं एकदा विचारलं, "मग मी कोणत्या गटात?" मी म्हणाले, "तुम्ही अपृष्ठवंशीय." बिचारा आठवडाभर हसत होता. अजून पाहुण्यांना सांगतो.

तर माझी थोरली बहीण, अक्का, 'ग-ब' मध्ये होती. मी काही एक दिवस बसून, विचार करून तिला तिथं घातलं नव्हतं. ती काही म्हणत नाही, तिला काहीही चालतं, दिलेलं डोक्याला लावते आणि पिशवीत ठेवते. खुणा जुळल्या आणि ती आपोआप त्या गटात गेली. एक वर्ष गेली, दुसऱ्या वर्षी गेली, मग तो तिचा कायमचाच गट झाला. बाहेरच्या कुणी विचारलं असतं की तुला जगात जवळचं कोण, तर मी क्षणाचा विचार न करता तिचं नाव सांगितलं असतं. आणि तरी.

अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मी जन्मले तेव्हा ती पहिलीत होती. आई रानात जायची, तान्ह्या पोरीला बघायला घरात कुणी नाही, म्हणून अक्काची शाळा बंद झाली. इतकं साधं कारण. पुढं तिचं लग्न मुखेडकडच्या एका खेड्यात झालं. मी नांदेडला कॉलेजात आले, तेव्हा ती सकाळच्या पहिल्या एसटीला कंडक्टरच्या हातात डबा द्यायची आणि मी स्टँडवर जाऊन तो उतरवून घ्यायची. ज्वारीच्या भाकरी, वर ठेचा, कधी शेंगाची पोळी. ह्या डब्यावर मी डिग्री घेतली, बी.एड. केलं. तिनं मला आयुष्यात कधी नावानं हाक मारली नाही. "येडे" म्हणायची. कॉलेजात पोरं मला मॅडम म्हणून उठून उभी राहायची आणि अक्काच्या दारात पाय टाकला की मी येडी.

तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून वस्तू ओळखायची तिची रीत वेगळी. भांड्यांवर आपण नाव घालतो, तशी ती कापडावर खूण घालते: कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे तीन टाके. तिची दुपटी, पिशव्या, धोतरजोड्या, सगळ्यांवर हेच. कुणाला साडी दिली तरी आतल्या टोकाला तीन टाके घालूनच देते. मी चिडवायची, "अक्का, तुझी सही बघ." ती म्हणायची, "मग! तुला पेन हाय, मला सुई हाय."

आता तिच्या सुनेबद्दल. ही पोर बारावी शिकलेली आणि जबान अशी की कात्री परवडली. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, आमच्या घरच्या एका कार्यक्रमात, मी दिलेली साडी तिनं भर मांडवात उलगडली आणि म्हणाली, "मावशी, हे तर पडद्याचं कापड हाय वो!" बायका फिस्सकन हसल्या. माझी अशी फजिती उभ्या जन्मात झाली नव्हती. त्या दिवसापासून तिला मी 'बो' मध्ये टाकली, तोंडावर बोलणाऱ्यांत, आणि दरवेळी घाबरून चांगली साडी देत आले. म्हणजे एकाच घरात सुनेला दुसऱ्या ढिगातली आणि सासूला तिसऱ्या. मला त्यात काही खटकलंच नाही. नियमानं होतं ना सगळं.

लग्न लातूरला झालं, वरपक्षाच्या सोयीनं. बरं झालं. व्याही मंडळी खूश, जेवण चांगलं, नवरीचे मामा वेळेवर आले. जायच्या आदल्या दिवशी मी साड्यांच्या टाचण्या आणि चिठ्ठ्या सगळ्या काढून टाकल्या, कारण मागं एकदा एका विहिणीच्या बोटात टाचणी घुसली होती आणि त्याचं केवढं महाभारत झालं होतं. पिशव्या ढिगावारी लावल्या आणि लातुरात मांडवात एकेक वाटत गेले. अक्काची पिशवी अक्काला दिली. तिनं कपाळाला लावली, न उघडता बाजूला ठेवली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "दमलीस गं येडे," म्हणाली. बस, एवढंच.

तीन आठवड्यांनी तिच्या सुनेचा फोन आला. "मावशी, एकदा येऊन जा. बाजारच्या दिवशी या, आत्याबाई घरी नसतेत तवा." मी विचारलं, "अगं, बरी हाय ना अक्का?" ती म्हणाली, "जेवून-खाऊन बरी हाय. फोनवर सांगण्यासारखं न्हाई." आणि ठेवून दिला. गाठ निघाली की काय, डॉक्टरनं काही सांगितलं की काय, नाही नाही ते मनात येऊन राहिलं. रजा टाकली आणि मुखेडची गाडी पकडली. मुखेडला उतरून ऑटोनं गावात गेले.

सून अंगणात तुरी पाखडत होती. "या," म्हणाली. पाणी दिलं. मग आत गेली आणि एक साडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. जांभळट रंगाची, मोहरीसारख्या पिवळ्या काठाची, जाड सुताची नारायणपेठ. सुंदर साडी. मी म्हणाले, "छान हाय की. कुणाची?"

"आतलं टोक बघा."

मी टोक उलटलं. कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे तीन टाके. आणि त्या टाक्यांच्या अगदी खाली, माझ्या स्वतःच्या अक्षरात, निळ्या शाईत: ग-ब.

आत्ता गं बया! दोन वर्षांमागं मी अक्काकडं आले होते तेव्हा तिनं निघताना मला एक साडी दिली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी घरी जाऊन कागद काढला, घडी तशीच ठेवून टोकावर खूण केली, चिठ्ठी लावली आणि कपाटात टाकली. उलगडून बघितली नाही. अक्काकडून आलेली म्हणजे गावाकडची, आणि गावाकडची म्हणजे तिसऱ्या ढिगातली, असं हातानंच ठरवून टाकलं. पोरांना मी सांगते, नमुना नीट उघडून बघितल्याशिवाय त्याचा गट लिहायचा नाही. लिहिला तर मार्क कापते मी. आणि आता तीच साडी, चिठ्ठी काढलेली, लातुरात भर मांडवात मी तिची तिलाच दिली होती. जे करू नका म्हणून मी बायकांना बजावत फिरले, ते पाप मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत केलं होतं.

"चूक झाली गं," मी म्हणाले. "खरंच चूक झाली. मी माफी मागते तिची."

"थांबा," सून म्हणाली. "अजून हाय."

तिनं मला आतल्या खोलीत नेलं आणि पत्र्याची पेटी उघडली. वर नॅप्थालीनच्या गोळ्या, खाली साड्या. एकेक काढून माझ्यापुढं ठेवत गेली. पोपटी, गुलाबी, राखाडी, चमकीची, बिनचमकीची. सगळ्या मी दिलेल्या. एक तर माझ्या स्वतःच्या घराच्या वास्तुशांतीची. एकही पुढं कुणाला दिलेली नाही. प्रत्येकीचं टोक तिनं उलटून दाखवलं आणि प्रत्येक टोकावर ग-ब. एकवीस साड्या निघाल्या, एकवीस वेळा मी माझं अक्षर बघितलं.

"मी नवीन लग्न होऊन आले तवाची गोष्ट," ती सांगू लागली. "आत्याबाईंनी मला पेटी उघडून दाखवली. म्हणल्या, माझी बहीण लई शिकलेली हाय, देती ती साडी माझं नाव घालून देती, वाच बरं. मी बघितलं. मला काय कळलं न्हाई, पर नाव न्हाई एवढं तर कळलं. मला वाटलं दुकानाचं काहीतरी असंल. त्यांच्या तोंडाकडं बघितलं अन् म्हणले, हाव, तुमचंच नाव हाय. त्यावर त्यांनी साडी अशी छातीशी धरली. मग पुढं दरवर्षी नवी साडी आली की माझ्याकडून वाचून घ्यायच्या अन् मी दरवर्षी तेच सांगायचे. मांडवात माझ्या साडीवर मी बोलले ना, ते माझ्यासाठी न्हाई बोलले मावशी. मला वाटलं तुम्ही शहाण्या हाव, त्यांचं बी बघाल. तुम्ही माझीच साडी बदलली."

मी खाली बसले. खाली म्हणजे जमिनीवरच.

"अन् आता ही आली," सून म्हणाली. "आत्याबाईंनी आपले टाके ओळखले. खाली तुमचं लिहिलेलं बघितलं, तेच ते, पेटीतल्या सगळ्यांवर हाय तसलं. मला म्हणल्या, म्या दिली तवा हे नव्हतं हितं. म्हंजी तिला माझी साडी आवडली न्हाई, म्हनून तिनं माझं नाव घालून मलाच परत धाडली. तुझी तू ठेव म्हनली मला. तवापासून तुमचं नाव घरात काढीत न्हाईत. मी खोटं बोलले ते त्यांना बरं वाटावं म्हणून, अन् त्याच खोट्याचं हे असं झालं. खरं सांगावं तर तुम्ही त्यांना कशात धरता ते कळतं, न्हाई सांगावं तर त्यांना वाटतं तुम्ही त्यांना तोडलं. माझ्याच्यानं आता हुईना. तुम्ही ठरवा."

मला त्या पोरीचा राग यायला हवा होता, नाही आला. पंधरा वर्षं तिला मी तिखट जिभेची म्हणून भीत आले, आणि पंधरा वर्षं तीच माझी इज्जत सांभाळत आली होती. मी काही बोलणार तेवढ्यात बाहेर पायताण वाजलं, तशी मी नारायणपेठ हातात घेऊनच ओसरीवर आले. अक्का बाजारातून आली होती. डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी. मला बघितलं आणि थबकली.

"कवा आलात?" ती म्हणाली. "बसा."

मला वाटलं माझ्या मागं कुणी आहे. वळून बघितलं. कुणी नव्हतं. पन्नासाच्या वर वर्षं झाली, ह्या बाईनं मला येडे सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं, आणि आता ती मला अहो-जाहो करून राहिली होती. तिनं आतून खुर्ची आणली, पदरानं पुसली, मला बसवलं. सुनेला म्हणाली, "पाहुण्यांना चहा दिला का?" काचेच्या ग्लासात पाणी आलं, ज्यात तलाठ्याला देतात त्यात. नाहीतर एरवी मी आले की सरळ चुलीपाशी जायची, ती मेथी माझ्या पुढ्यात टाकायची, "निवड" म्हणायची. आता ती समोर भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसली. "पोरगी बरी हाय का सासरी?" म्हणाली. "व्याही चांगले भेटले तुम्हाला."

खरं सांगते, वडील गेले तेव्हासुद्धा मी इतकी हादरले नव्हते. मी आयुष्यभर माणसांचे गट लावत आले आणि मला कुणी उचलून दुसऱ्या गटात टाकेल हे मला कधी सुचलंच नव्हतं. पाहुणी! अक्काच्या घरात मी पाहुणी!

मी खुर्चीवरून उठले आणि तिच्यासमोर खाली बसले. साडीचं टोक उलटून म्हणाले, "अक्का, हे तुझं नाव न्हाई." दारात उभ्या सुनेनं डोळे मिटून घेतले. मी म्हणाले, "ही पोर तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोलली. मी तुला साडी परत धाडली न्हाई. मी उघडून बघितलीच न्हाई. कुणाची हाय ते न बघता ढिगात टाकली अन् ढिगातून काढून दिली." आणि मग सगळंच सांगितलं. तीन ढीग सांगितले, पोटगट सांगितले, कुठल्या अक्षराचा काय अर्थ ते सांगितलं. काही लपवलं नाही. सांगताना माझा आवाज माझाच मला वर्गातल्यासारखा वाटायला लागला आणि त्याची मला शिसारी आली.

अक्का म्हणाली, "पहिल्या ढिगात कोन म्हनलात?"

"विहीण."

"दुसऱ्यात?"

"बोलणाऱ्या."

"ही?" तिनं सुनेकडं बोट केलं.

"दुसऱ्यात."

"अन् मी तिसऱ्यात. कशापायी?"

"तू काही म्हणत न्हाईस म्हणून."

"म्हंजी मी बोलले असते, तर वर गेले असते?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

आणि मग अक्का बोलली. आई गं! सासू-सासऱ्यांपुढं, नवऱ्यापुढं, पाहुण्यारावळ्यांपुढं जी बाई कधी तोंड वर करून बोलली नाही, ती उठून उभी राहिली आणि तिनं मला झोडपायला सुरुवात केली. "भवाने! सटवे! मला शिव्या देता येत न्हाईत म्हनून तळाला घातलंस व्हय गं? कापड हलकं हाय हे मला कळत नव्हतं? हात लावला की कळतं मला! पोपटी नेसले व्हते एकदा, आठ दिवस कंबर हिरवी. तरी म्हनलं, जाऊ दे, नोकरीवाली हाय, घाईघाईत घेत असंल, पर आठवनीनं माझं नाव घालती. कापडाचं काय घेऊन बसायचं! अन् तू..." तिचा श्वास चढला. "तुला कडेवर घेऊन मी शाळेच्या खिडकीबाहेर हुबी ऱ्हायची. आत पोरं म्हनायची ते ऐकायला. तू रडायला लागलीस की मास्तर मला हाकलून द्यायचा. रोज हाकलायचा, रोज जायची. तुझ्यापायी मला 'ग' बी आला न्हाई अन् 'ब' बी आला न्हाई. अन् तेच दोन घालून धाडतीस व्हय मला?"

मी रडत होते. सून रडत होती. अक्का रडत नव्हती, तिला वेळच नव्हता. भाजीवाल्याला द्यायची शिवी, कंडक्टरला द्यायची शिवी, साठ वर्षांत जिथं जिथं गप्प बसली होती तिथलं सगळं तिनं माझ्यावर काढलं. शेजारीण कुंपणावरून डोकावली तर तिलाही म्हणाली, "काय बघतीस? माझी बहीन हाय, मी बोलून राहिले!" त्या सगळ्या वेळात माझ्या एवढं लक्षात आलं की ती मला परत अगं-तुगं करत होती.

दमली तेव्हा तिनं नारायणपेठ उचलून आपल्या मांडीवर ठेवली. "ही मी नेसनार. लई आवडली व्हती मला. तुला शोभंल म्हनून काळजावर दगड ठिवून दिली. आता न्हाई द्यायची तुला." मग आतल्या पेटीतून ती पोपटी काढून आणली, जांभळ्या फुलांची, आणि माझ्या अंगावर टाकली. "नेस."

"अक्का..."

"नेस म्हनते ना. हितं नेस अन् नेसून घरला जा."

मी आत जाऊन नेसले. निऱ्या बसेनात, नुसती सळसळ. खांद्यावरचा पदर ठरेना, सुनेनं दोन पिना लावून दिल्या. बाहेर आले तर अक्कानं वरपासून खालपर्यंत बघितलं. हसली नाही. तरी रीत मोडली नाही तिनं. हळदकुंकू लावलं, त्याच पोपटी पदरात तांदूळ आणि नारळ घालून माझी ओटी भरली. ऑटोपर्यंत आली. एरवी ऑटो दिसेनासा होईपर्यंत "पोचलीस की फोन कर गं" ओरडते. ह्या वेळी काही म्हणाली नाही. तशीच वळून घरात गेली.

एसटीत खिडकीजवळ बसले. ऊन होतं, घामानं कंबरेपाशी ओलं ओलं लागायला लागलं. सीटवरून साडी घसरत होती, मी सावरत होते. शेजारची बाई दोनदा माझ्याकडं बघून गप्प बसली. मी आजवर किती जणींना असलं कापड दिलं असेल, आणि कितींनी ते डोक्याला लावलं असेल, ह्याचाच विचार नांदेड येईपर्यंत करत होते. घरी आले तर नवऱ्यानं दार उघडलं आणि बघतच राहिला. "ही कुठली गं?"

"तिसऱ्या ढिगातली," मी म्हणाले. तो पहिल्यांदाच हसला नाही.

दिवे लागायच्या वेळेला फोन वाजला. सुनेचा नंबर, पण आवाज अक्काचा.

"पोचलीस का?"

"पोचले."

मागं भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"साडी सोडलीस का?"

मी खाली बघितलं. पोटावर, हातावर, बोटांच्या पेरांवर हिरवा रंग उतरला होता. "न्हाई अजून," मी म्हणाले.

"मग नको सोडू," अक्का म्हणाली. "उद्या कॉलेजात बी तीच नेसून जा, येडे."